संन्यासी सेनानी : स्वामी रामानंद तीर्थ

आपल्या स्मरणिकेच्या पानांतून दरवर्षी ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे येत असतात आणि ती यावीत हे योग्यच आहे. यंदा मात्र संपादक मंडळाने विषय आमच्यावर सोपविला तेव्हा आम्ही ज्याने आपले नाव, गोत्र, घर आणि ज्ञाती ही सर्व एका दिवशी अग्नीस अर्पण केली अशा पुरुषाची निवड केली. संन्याशास ज्ञाती नसते. तेव्हा ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत त्याचे काय काम, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर इतकेच की, मराठवाड्यात ज्यांची शेतीवाडी, सोयरीक अथवा नोकरी आहे अशा आपल्या प्रत्येक कुटुंबाच्या डोक्यावर आज जे भारताचे छत्र आहे, त्याच्या दांड्यास हात लावणाऱ्यांत हा पुरुष अग्रभागी होता. शाळेत सप्टेंबरच्या १७ तारखेस झेंडावंदन होते, मुलांना खाऊ मिळतो. पण त्या दिवशी नेमके काय टळले, हे विचारले असता मुलेच काय, कित्येकदा त्यांचे पालकही स्तब्ध राहतात, असा आमचा शिक्षकी पेशातील अनुभव आहे.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. घरची स्थिती बेताची होती. शिक्षणासाठी ते सोलापुरास आले, आणि तेथेच त्यांच्या आयुष्यास वळण देणारा प्रसंग घडला. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे मुंबईस निधन झाले. त्या वार्तेने सतरा वर्षांच्याही आतल्या या विद्यार्थ्याने आजन्म ब्रह्मचारी राहून देशकार्यास वाहून घेण्याची शपथ घेतली. त्या वयातील शपथा पुष्कळ मुले घेतात आणि वर्ष सरण्यापूर्वी विसरतात. ही शपथ बावन्न वर्षे टिकली. असहकारितेच्या लाटेत त्यांनी सरकारी शाळा सोडली, अंमळनेर येथे राष्ट्रीय शिक्षण घेतले आणि पुढे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून ते पदवीधर झाले. मध्यंतरी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी कामगार चळवळीचेही काम केले. तथापि त्यांचा पिंड शिक्षकाचा होता, आणि १९२९ च्या सुमारास ते उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या आडगावी राष्ट्रीय शाळेत दाखल झाले. (उस्मानाबादचे नाव आता धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले आहे, आम्ही येथे त्या काळची नावे ठेविली आहेत.)

हिप्परगा हे त्या वेळी निजामाच्या मुलखात होते. तो मुलूख कसा होता हे सांगितल्यावाचून पुढील हकीकत कळणार नाही. हैद्राबाद हे हिंदुस्थानातील संस्थानांपैकी सर्वांत मोठ्या लोकवस्तीचे संस्थान. क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस मैल, म्हणजे एकट्या इंग्लंडहून कितीतरी मोठे. लोकसंख्या १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे १ कोटी ६३ लाख. सोळा जिल्हे. त्यांतील आठ तेलुगू, तीन कानडी आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी. राज्यकर्ता मुसलमान आणि प्रजा बहुसंख्य हिंदू, एवढेच सांगून कित्येक लोक थांबतात. परंतु आमच्या मते दुखणे त्याहून खोल होते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले, तेव्हापासून राज्यात कायदा होता तो त्यांच्या फर्मानाचा. प्रजेस निवडून दिलेले सरकार नव्हते. गश्ती निशान ५३ या नावाचे एक परिपत्रक होते. त्यान्वये सरकारी परवानगीवाचून सभा भरविता येत नसे. खाजगी शाळा काढावयाची तरी परवानगी लागे. माध्यमिक व उच्च शिक्षण उर्दूतून. तेलुगू, मराठी वा कानडी मुलास आपल्या मातेच्या भाषेत शिकावयाचे तर ते अशा हिप्परग्यासारख्या शाळेतच. म्हणूनच त्या राज्यात शाळा चालविणे हेही राजकारण ठरत असे. आम्ही जन्मभर खडू हाती धरला असल्याने या गोष्टीचे आम्हास विशेष अप्रूप वाटते.

हिप्परग्यास असतानाच स्वामी रामतीर्थांच्या परंपरेत त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि व्यंकटेश खेडगीकर हे स्वामी रामानंद तीर्थ झाले. भगवी वस्त्रे घालून ते हिमालयात गेले नाहीत. वर्गातच उभे राहिले. पुढे १९३५ च्या सुमारास ते आणि त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे मोमिनाबादेस, म्हणजे आपल्या अंबाजोगाईस आले, आणि तेथील योगेश्वरी विद्यालय त्यांनी नावारूपास आणिले. या शाळेतून निघालेली मुले दहा वर्षांनी मुक्तिलढ्यात कोठे कोठे होती याची यादी करावयाची तर पाने अपुरी पडतील.

शिक्षकाचा राजकीय पुढारी कसा झाला, हे थोडक्यात सांगतो. संस्थानात भाषावार परिषदा स्थापन झाल्या होत्या. मराठी भागाच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे भरले, दुसरे पुढील वर्षी लातुरास. आणि स्वामीजी या कामाचा कणा झाले. १९३८ मध्ये तिन्ही भाषांच्या कार्यकर्त्यांनी मिळून हैद्राबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचे ठरविले. निजाम सरकारचे चातुर्य असे की, संस्था जन्मास येण्यापूर्वीच तिजवर बंदी घातली. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजींस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच काळात आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह चालू होते, आणि राजकीय हक्कांच्या लढ्यास धार्मिक रंग चढू नये म्हणून गांधीजींच्या सल्ल्याने डिसेंबरात स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह स्थगित झाला. तरुणांस हे रुचले नाही. पण आज मागे वळून पाहता आम्हास ही स्थगिती शहाणपणाचीच वाटते. कारण पुढे दहा वर्षांनी, स्टेट काँग्रेसचे भांडण मुसलमानांशी नसून अनियंत्रित सत्तेशी आहे, हे सांगण्याचा अधिकार तिला त्यामुळेच राहिला. त्याच वर्षाअखेर उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हटले म्हणून त्यांस काढून टाकण्यात आले; नागपूर विद्यापीठाने त्यांस आश्रय दिला. त्यांतच पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते, आणि ते अखेरपर्यंत स्वतःस स्वामीजींचा अनुयायी मानीत.

१९४० चा वैयक्तिक सत्याग्रह, १९४२ चे आंदोलन, दोन्ही वेळा कारावास. तुरुंगाच्या त्या वर्षांत सांगण्याजोगे पुष्कळ असले तरी आम्ही पुढे जातो. जुलै १९४६ मध्ये बंदी उठली आणि स्टेट काँग्रेसचा अध्यक्ष निवडण्याची वेळ आली. एका बाजूस बूर्गुल रामकृष्णराव यांचा नेमस्त गट, दुसऱ्या बाजूस स्वामीजी. स्वामीजी अगदी थोड्या मतांनी निवडून आले. मते आणखी थोडी इकडची तिकडे होती तर १९४७ साली निजामाशी तडजोडीची बोलणी करणारा पक्ष स्टेट काँग्रेसमध्ये प्रबळ असता, आणि मग इतिहासाचे काय झाले असते हे सांगवत नाही.

आता मुख्य प्रकरणाकडे वळू. ब्रिटिश पार्लमेंटने १९४७ च्या कायद्याने हिंदुस्थान स्वतंत्र केला, त्याबरोबरच संस्थानांवरील आपले सार्वभौमत्वही काढून घेतले. कागदावर प्रत्येक संस्थानिक मोकळा झाला. सरदार पटेलांनी संस्थानिकांकडे प्रथमतः मागितल्या त्या तीनच गोष्टी: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण. आम्ही वर्गात मुलांस विचारीत असू की या तीनच का? शेतसारा का नाही, न्यायदान का नाही? उत्तर नकाशाने द्यावे लागे. हैद्राबादचे संस्थान दख्खनच्या मधोमध, चारही बाजूंनी भारताने वेढलेले. मुंबईहून मद्रासेस जाणारा लोहमार्ग त्यातून जातो. दिल्लीहून मद्रासेस जाणाराही त्यातून जातो. तारायंत्राच्या ओळी त्याच वाटेने. अशा राज्याने शेजारच्या राष्ट्राशी स्वतंत्र करार केला, बाहेरून शस्त्रे आणिली किंवा मनात येईल तेव्हा रूळ अडविले, तर उत्तर हिंदुस्थान आणि दक्षिण हिंदुस्थान यांच्यामधील सांधाच निखळला. शरीराच्या एखाद्या बोटास जखम झाली तर माणूस चालतो. येथे प्रश्न पोटाचा होता.

जून १९४७ मध्ये निजामाने जाहीर केले की, आपण भारतात किंवा पाकिस्तानात सामील होणार नाही, इंग्रज जाताच आपण सार्वभौम होऊ. त्याच महिन्यात हैद्राबादेत मुशीराबाद येथे स्टेट काँग्रेसचे अधिवेशन स्वामीजींच्या अध्यक्षतेखाली भरले. परवानगी घेऊन भरलेले हे पहिलेच मोठे अधिवेशन, आणि त्यातच स्वामीजींनी भारतात विलीनीकरण व जबाबदार राज्यपद्धती या दोन मागण्या जोडून मांडल्या. हे जोडणे महत्त्वाचे आहे. विलीनीकरणाची मागणी दिल्लीने केली असती तर तो दोन सरकारांमधील तंटा ठरला असता. ती संस्थानच्या प्रजेने केली म्हणून निजामाच्या स्वातंत्र्याच्या दाव्याचा पायाच खचला. ज्या लोकांच्या नावे तुम्ही वेगळे राष्ट्र मागता, तेच लोक वेगळे होऊ इच्छीत नाहीत, हे त्याने सिद्ध झाले. ७ ऑगस्ट १९४७ हा दिवस संस्थानभर भारतीय संघराज्यात सामील होण्याच्या मागणीचा दिवस म्हणून पाळण्यात आला. १५ ऑगस्टच्या पहाटे, देशात सर्वत्र ध्वज चढत असता, स्वामीजी आणि त्यांचे सहकारी पकडले गेले. हिंदुस्थान स्वतंत्र झाला त्या दिवशी स्वातंत्र्याच्या मागणीसाठी तुरुंगात गेलेला हा संन्यासी.

निजामाच्या मागे इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना होती. १९२७ साली ती निघाली तेव्हा तिचे स्वरूप निराळे होते. परंतु बहादूर यार जंग १९४४ साली वारल्यानंतर पुढे तिची सूत्रे लातूरचा वकील कासिम रझवी याच्या हाती गेली आणि तिच्या रझाकार नावाच्या स्वयंसेवक दलास उधाण आले. हा मनुष्य आपल्या लातुरात कज्जे चालवीत होता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. बाहेरून कोणी परका आला नव्हता. फुटीरपणाचे बीज पुष्कळदा शेजारच्याच परड्यात रुजते आणि खतपाणी तेवढे दुरून येते.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात एका वर्षाचा जैसे थे करार झाला. काश्मीरमध्ये ऑक्टोबरपासून युद्ध पेटले होते, जुनागढचे प्रकरण नुकतेच मिटत होते, पंजाबातून निर्वासितांचे लोंढे येत होते. सरकारास उसंत हवी होती. करारानंतर भारतीय सैन्य सिकंदराबादेहून निघून आले आणि कन्हैयालाल मुनशी हे भारताचे प्रतिनिधी म्हणून हैद्राबादेत राहिले. निजामास मात्र उसंत हवी होती ती दुसऱ्याच कारणासाठी. शाई वाळली न वाळली तोच त्याने भारतीय चलन संस्थानात बेकायदा ठरविले आणि मौल्यवान धातूंची निर्यात बंद केली. भारत सरकारच्याच कर्जरोख्यांच्या रूपाने २० कोटी रुपये पाकिस्तानास कर्जाऊ देण्याचा व्यवहार केला. समुद्रकिनारा नसलेल्या या राज्याने गोव्यातील पोर्तुगीजांकडून बंदर मिळविण्याचीही खटपट करून पाहिली. १९४८ साली सिडनी कॉटन नावाचा एक साहसी वैमानिक कराचीहून रात्रीच्या अंधारात विमानांनी शस्त्रे आणून बिदर व वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरवू लागला. आम्ही हे सर्व एकापुढे एक अशासाठी मांडले की, वेगळे राष्ट्र होण्याची आकांक्षा ही केवळ ध्वजाची आणि गाण्याची बाब नसते. तिला पैसा लागतो, वाट लागते, शस्त्र लागते आणि बाहेरचा पाठीराखा लागतो. आणि यांतील प्रत्येक वस्तू मिळवावयाची तर शेजारच्या देशाच्या सुरक्षिततेस भोक पाडूनच मिळवावी लागते.

करारामुळे स्वामीजी सुटले खरे, पण दोन महिन्यांच्या आत, २६ जानेवारी १९४८ रोजी, पुन्हा पकडले गेले. या मधल्या थोड्या अवधीत त्यांनी घेतलेला निर्णय हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड भाग होय, आणि चरित्रकाराने तो टाळू नये असे आम्हास वाटते. स्वामीजी गांधीजींचे अनुयायी. सूत काढणारे, उपवास करणारे. गावोगाव रझाकारांचे छापे पडत होते. बिलोलीजवळ अर्जापूर येथे १९४६ सालीच गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली होती. संस्थानाबाहेर सरहद्दीवर, उमरखेड, बार्शी आणि इतरत्र, देशोधडीस लागलेल्यांचे व कार्यकर्त्यांचे तळ उभे राहिले होते. दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ, बाबासाहेब परांजपे ही मंडळी त्या कामाची सूत्रे चालवीत होती. या तळांवरील तरुणांनी सशस्त्र प्रतिकार करावा की नाही? स्वामीजींनी संमती दिली. अहिंसेच्या उपासकाने बंदुकीस होकार दिला, यास कोणी विसंगती म्हणेल. आम्हास ती विसंगती वाटतेच; पण ती लपवून न ठेवता त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदविली, याचे मोल आम्ही अधिक मानतो.

या सरहद्द तळांची एक हकीकत मुद्दाम सांगतो. ३० जानेवारी १९४८, म्हणजे दिल्लीस गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील सरकारी बँकेवर कार्यकर्त्यांनी छापा घातला आणि लक्षावधी रुपये नेले. लढ्याचा खर्च त्यातून भागला. लढा संपल्यावर या पैशाचा हिशेब सरकारास सादर करण्यात आला. लुटीच्या पैशाचा हिशेब ठेवणारे लुटारू जगाच्या इतिहासात थोडेच सापडतील! संस्थेचे वार्षिक हिशेब तपासताना आमच्या कार्यकारिणीने ही गोष्ट आठवावी, अशी एक खोचक सूचना करण्याचा मोह आम्हास आवरत नाही.

१९४८ चा उन्हाळा भयंकर गेला. मे महिन्यात बिदर जिल्ह्यातील गोरटा गावी रझाकारांनी मोठा संहार केला; त्याच महिन्यात गंगापूर स्थानकावर आगगाडीवर हल्ला झाला. लोहमार्गाविषयी आम्ही वर जे लिहिले ते केवळ नकाशावरचे भय नव्हते, हे यावरून दिसेल. तेलंगणात कम्युनिस्टांचा शेतकरी उठाव १९४६ पासून चालू होता. जमीनदारी आणि वेठबिगार यांविरुद्धचा त्यांचा रोष न्याय्य होता, पण १९४८ मध्ये त्यांनी स्वतंत्र हैद्राबादच्या बाजूने कौल दिला आणि निजामाने त्यांजवरील बंदी उठविली. दोन टोकांचे शत्रू एका पंगतीस बसले ते केवळ भारताचे राज्य नको म्हणून.

येथे एका माणसाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे म्हणजे कृतघ्नपणा होईल. शोएबुल्ला खान हे हैद्राबादेतील इमरोज या उर्दू पत्राचे तरुण संपादक. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे ते उघडपणे लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये एका रात्री कार्यालयातून घरी जाताना त्यांस गाठून ठार करण्यात आले, आणि ज्या हाताने ते लिहीत तो हात तोडण्यात आला. हैद्राबादच्या लढ्यास हिंदू-मुसलमान लढा म्हणून रंगविणाऱ्यांनी हे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

२१ ऑगस्टला निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे भारताविरुद्ध तक्रार केली. १३ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय सैन्य सरहद्द ओलांडून आत शिरले. दक्षिण विभागाचे सेनापती महाराज राजेंद्रसिंहजी यांच्या देखरेखीखाली मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची मुख्य तुकडी सोलापूरकडून निघाली. नळदुर्ग पहिल्याच दिवशी हाती आले, औरंगाबाद दुसऱ्या दिवशी. १७ तारखेस सायंकाळी निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती एल एद्रूस यांनी शरणागती दिली. पाच दिवसांत सर्व आटोपले. स्वामीजी तुरुंगातून बाहेर आले. रझवीवर खटला होऊन त्यास शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटल्यावर तो पाकिस्तानास निघून गेला. निजाम मात्र १९५० पासून १९५६ पर्यंत राजप्रमुख म्हणून राहिले, हे कित्येकांस तेव्हा रुचले नव्हते.

विजयाची गोष्ट येथेच संपवावी असे पुष्कळांस वाटते. आम्ही तसे करू शकत नाही. पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत उस्मानाबाद, बिदर, गुलबर्गा, नांदेड या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगविला गेला. ज्यांनी रझाकारी केली ते बहुधा पळाले होते. मेले ते त्यांचे निरपराध शेजारी. पंतप्रधान नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सावधपणे केलेल्या अंदाजानुसार सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली. हा अहवाल कित्येक दशके दप्तरात पडून होता. फुटीर चळवळीचे परिणाम मोजताना लोक सैन्याचा खर्च मोजतात, रूळ आणि पूल मोजतात. एका गावात पिढ्यान्‌पिढ्या एकाच पाणवठ्यावर असलेल्या दोन घरांमधील विश्वास कसा मोजावा? रझवीने आपल्याच समाजाचे जे नुकसान केले तितके दुसऱ्या कोणी केले नसेल, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण सूड घेणाऱ्या हातांस त्यामुळे क्षमा मिळत नाही.

विलीनीकरणानंतर स्वामीजींस कोणतेही मोठे पद मिळू शकले असते. त्यांनी मंत्रिपद स्वीकारले नाही. १९५२ च्या निवडणुकीनंतर हैद्राबादचे मुख्यमंत्री झाले ते बूर्गुल रामकृष्णराव, ज्यांना स्वामीजींनी १९४६ साली हरविले होते. स्वामीजी लोकसभेवर गेले. प्रथम गुलबर्ग्याहून आणि १९५७ साली औरंगाबादहून. काँग्रेसमधील गटबाजीने त्यांस पुष्कळ त्रास झाला, गोविंदभाईंसारख्या जिवलग सहकाऱ्यांनी निराळ्या वाटा धरल्या. कुळांच्या हक्कांच्या प्रश्नावर त्यांनी आग्रह धरला. १९५१ साली पोचमपल्लीस विनोबांचे भूदान सुरू झाले तेव्हा त्या कार्यासही ते लागले. नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले त्यामागेही त्यांचा हात होता. मूळचा शिक्षक शिक्षणाकडेच वळला.

परंतु या उत्तरकाळातील एक गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. ज्या पुरुषाने हैद्राबाद भारतापासून वेगळे होऊ नये म्हणून तुरुंग भोगला, तोच पुरुष पुढे हैद्राबाद राज्य मोडावे, त्याचे भाषावार तीन भाग करावेत म्हणून झटू लागला. मोठमोठे लोक या कल्पनेच्या विरोधात होते. एकदा फुटीची वाट दाखविली की तिला अंत नाही, अशी भीती दिल्लीस वाटत होती, आणि ती अगदीच निराधार होती असे नाही. स्वामीजींचे म्हणणे असे की, निजामाच्या तलवारीने एकत्र बांधलेले तेलुगू, मराठी व कानडी लोक आपापल्या भाषाबंधूंकडे गेल्याने भारत दुबळा होणार नाही, बळकट होईल. सरकारचे काम प्रजेस समजेल अशा भाषेत चालले तर प्रजा त्या सरकारास आपले मानील. एकत्र कुटुंबात धाकट्याने चूल वेगळी मांडली म्हणजे घर फुटले असे होत नाही. त्याने घराची भिंत परक्यास गहाण टाकली म्हणजे फुटते. हा भेद त्या वेळी भल्याभल्यांस उमगला नव्हता, आणि आजही भाषेची, पाण्याची किंवा अनुशेषाची मागणी ऐकताच तीवर देशद्रोहाचा शिक्का मारणारे व खऱ्या फुटीरपणाकडे काणाडोळा करणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक आपण पाहतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैद्राबाद राज्य नकाशावरून गेले. तेलुगू जिल्हे आंध्र प्रदेशात, कानडी जिल्हे म्हैसूरात आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. १ मे १९६० रोजी ते महाराष्ट्राचे झाले. स्वामीजींचा जन्म कानडी मुलखातला, कार्य मराठी मुलखात आणि निवास पुढे तेलुगू राजधानीत. तिन्ही प्रांतांत त्यांचे माणूस होते. भाषावार विभागणी मागण्याचा अधिकार अशाच माणसास शोभतो, कारण तिच्यात त्यांचा स्वतःचा लाभ काहीच नव्हता. उलट, ज्या राज्यात त्यांचा शब्द चालत होता ते राज्यच त्यांनी हाताने मोडले.

शेवटची वर्षे त्यांनी हैद्राबादेत काढली. लढ्याच्या आठवणींचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९६७ साली निघाले, आणि योगायोग असा की, निजाम मीर उस्मान अली खान यांचे निधनही त्याच वर्षी फेब्रुवारीत झाले. २२ जानेवारी १९७२ रोजी स्वामीजी हैद्राबाद येथे समाधिस्थ झाले. मागे मालमत्ता नव्हती, वारस नव्हता. १९९४ साली १७ सप्टेंबर या दिवशी नांदेड येथे स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयासही आहे. हिप्परग्याच्या वाटेने जाण्याचा योग आपल्यापैकी ज्यांस येईल त्यांनी तेथे क्षणभर थांबावे. लढ्याची पहिली वही त्या गावच्या शाळेत उघडली होती.